तीव्र ल्युकेमियातली रेडिओइम्युनोथेरपी : मात्रा, दिवस आणि चुकण्याच्या जागा

अणुरेणू

ल्युकेमियाच्या पेशी किरणांनी सहज मरतात, पण त्या एका जागी बसलेल्या नसतात. मज्जा, रक्त, प्लीहा, यकृत, सगळीकडे त्यांचा वावर. म्हणून मूळपेशींच्या (दात्याच्या रक्त बनवणाऱ्या पेशींच्या) प्रत्यारोपणाआधी संपूर्ण शरीराला बाहेरून किरण देतात, म्हणजेच टीबीआय. त्याला मर्यादा कुठे पडते हे अमेरिकेतल्या सिॲटलच्या गटाने १९९० साली प्रसिद्ध केलेल्या तुलनेत दिसलं. पहिल्या रेमिशनमधल्या (आजार पहिल्यांदा आटोक्यात आलेल्या) एएमएल (तीव्र मायलॉइड ल्युकेमिया) रुग्णांना १२ ग्रे किंवा १५.७५ ग्रे (शोषलेल्या किरणांच्या मात्रेचं एकक) दिले. जास्त मात्रेच्या गटात आजार उलटण्याचं प्रमाण स्पष्ट घटलं, पण उपचारांमुळे होणारे मृत्यू वाढले आणि किती जण जगले या आकड्यात फरक उरला नाही. मज्जेला मिळालेले जादा ग्रे कामाचे होते. तेच ग्रे फुप्फुसांना आणि यकृतालाही मिळाले, तिथे गाडी अडली.

रेडिओइम्युनोथेरपी (पुढे आरआयटी) या कोंडीतून निघालेली आहे. रक्तपेशींच्या पृष्ठभागावरच्या एखाद्या खुणेला चिकटणारी अँटिबॉडी घ्यायची, तिला किरणोत्सारी अणू जोडायचा आणि शिरेतून सोडायचं. मज्जेला ग्रे मिळतात, बाकी बहुतेक अवयवांना त्याहून कमी. यकृत मात्र अपवाद ठरू शकतं, ते पुढे येईल.

ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात चार गोष्टींची जोडी जमावी लागते: लक्ष्य, अँटिबॉडी, दोघांना बांधणारा रासायनिक दुवा आणि अणू. यातली एक बदलली की बाकी तिन्हींचा हिशेब बदलतो. "अमुक आयसोटोप चांगला की तमुक" असा सुटा प्रश्न विचारून हाती काही लागत नाही.

गोंधळ टाळायला एक गोष्ट आधीच सांगतो. लिम्फोमासाठी (लसिकाग्रंथींच्या कर्करोगासाठी) अशी दोन औषधं बाजारात आली होती, झेवालिन २००२ मध्ये आणि बेक्सार २००३ मध्ये. बेक्सार २०१४ मध्ये बंदही झालं. तीव्र ल्युकेमियातलं काम प्रामुख्याने चाचण्यांतूनच पुढे सरकलं आहे. तेव्हा खाली येणारे आकडे चाचण्यांच्या आराखड्यांतले आहेत, ते तसेच वाचावेत.

लक्ष्यांबद्दल या चर्चेतल्या 'रक्तपेशी' या सदस्यांनी लिहावं अशी विनंती.

---

रक्तपेशी

लिहिते. एएमएलमध्ये तीन खुणा महत्त्वाच्या आहेत आणि तिघींचे स्वभाव अगदी वेगळे.

सीडी३३ ही मायलॉइड पेशींवरची खूण. बहुतेक एएमएलमध्ये सापडते. पण एका पेशीवर तिची संख्या साधारण १०,००० ते २०,००० एवढीच, आणि अँटिबॉडी चिकटली की पेशी ती जोडी आत ओढून घेते. संख्या कमी असल्यामुळे लक्ष्य लवकर भरतं. त्यानंतर जास्त अँटिबॉडी घातली तर ती नुसती रक्तात फिरत राहते.

सीडी४५ जवळजवळ सगळ्या पांढऱ्या पेशींवर असते. परिपक्व तांबड्या पेशी आणि प्लेटलेट यांवर ती नसते. एका पेशीवर सुमारे २,००,००० जागा, आणि चिकटलेली अँटिबॉडी बराच काळ पृष्ठभागावरच राहते. फायदा उघड आहे, मज्जेत भरपूर माल थांबतो. किंमतही तेवढीच उघड आहे. निरोगी रक्तनिर्मितीही मरते, त्यामुळे सीडी४५वरचा पूर्ण मात्रेचा उपचार म्हणजे पुढे दात्याच्या मूळपेशी द्यायच्याच. तो स्वतंत्र उपचार नव्हे, प्रत्यारोपणाच्या पूर्वतयारीचा भाग आहे.

तिसरी सीडी६६, आणि मला सगळ्यात विचार करायला लावणारी हीच. ती प्रामुख्याने परिपक्व होत चाललेल्या ग्रॅन्युलोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) पेशींवर असते. ल्युकेमियाच्या ब्लास्टवर (अपरिपक्व कर्कपेशींवर) सहसा नसतेच. मग उपयोग काय? मज्जेत ब्लास्टच्या शेजारी या पेशी दाटीने असतात. त्यांच्यावर बसलेल्या अणूतून निघणारा बीटा कण काही मिलिमीटर जातो, म्हणजे शेकडो पेशी ओलांडतो. शेजाऱ्याच्या अंगणातून केलेला मारा म्हणा. जर्मनीत उल्म इथल्या गटाने ऱ्हेनियम-१८८ लावून हा मार्ग वापरला. तिथे मूत्रपिंडाला इतर निरोगी अवयवांपेक्षा जास्त मात्रा मिळाली आणि काही रुग्णांत उशिरा मूत्रपिंडाचा त्रास दिसला. मज्जा ब्लास्टनी इतकी भरलेली असेल की ग्रॅन्युलोसाइट शिल्लकच नाहीत, तर हा मार्ग लंगडा पडतो. आजार आटोक्यात असताना तो जास्त शोभतो.

फ्लो सायटोमेट्रीचा (पेशींवरच्या खुणा मोजणाऱ्या तपासणीचा) अहवाल वाचताना "पॉझिटिव्ह" या एका शब्दावर थांबू नका. किती टक्के ब्लास्ट पॉझिटिव्ह आणि किती तेजाने, दोन्ही पाहा. सीडी३३ अंधूक असेल तर अणू कितीही जबर असला तरी पेशीपर्यंत पोहोचणारी संख्या तोकडीच.

---

निशिगंध

उत्तम माहिती. दोन प्रश्न. आयोडीन-१३१ इतकं परिचित आणि सोपं असताना सीडी३३साठी ते का टिकलं नाही? आणि अणू जोडताना प्रयोगशाळेत नेमकं कुठे बिघडतं?

---

वैशाली_रेडिओफार्मसी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर वरच्या प्रतिसादातच दडलंय. सीडी३३ अँटिबॉडीला आत ओढते. आत गेल्यावर पेशी तिचे तुकडे करते आणि आयोडीन सुटं होऊन बाहेर पडतं. तिथून ते लघवीत जातं, वाटेत थायरॉइडमध्ये आणि जठरात जमतं. म्हणजे अर्धायुकाल (निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ) ८ दिवसांचा, पण मज्जेतला मुक्काम त्याच्या तुलनेत फारच थोडा. सीडी४५वर अँटिबॉडी पृष्ठभागावर राहते म्हणून तिथे आयोडीन चाललं. आत जाणाऱ्या लक्ष्यासाठी धातूचे अणू बरे. ते डोटासारख्या पकडीत (धातू धरून ठेवणाऱ्या रेणूत) बसवलेले असतात आणि अँटिबॉडी पचली तरी पेशीतच अडकून राहतात.

अणूंची ओळख थोडक्यात.

आयोडीन-१३१ : ८ दिवस. बीटाची कमाल ऊर्जा सुमारे ०.६ एमइव्ही (ऊर्जेचं एकक, १ एमइव्ही म्हणजे १००० केइव्ही), ऊतीतला सरासरी पल्ला मिलिमीटरहून कमी. सोबत ३६४ केइव्हीचा गॅमा, म्हणून चित्र काढता येतं आणि म्हणूनच रुग्णाला वेगळं ठेवावं लागतं.

यिट्रियम-९० : ६४ तास. कमाल २.२८ एमइव्ही, कमाल पल्ला सुमारे ११ मिलिमीटर. उपयोगी गॅमा नाही. चित्रासाठी त्याच अँटिबॉडीला इंडियम-१११ लावून तालीम करतात. इथे एक फट राहते: पकडीतून सुटलेलं यिट्रियम हाडात जातं, सुटलेलं इंडियम वेगळीकडे. तालमीच्या चित्रात हाडातली ही गळती दिसतच नाही.

अल्फा कण सोडणाऱ्या अणूंबद्दल नंतर सविस्तर.

आता बिघाड. आयोडीन अँटिबॉडीच्या टायरोसिनवर बसवतात. ऑक्सिडंट जास्त झाला किंवा जास्त वेळ राहिला तर अँटिबॉडी स्वतःच जखमी होते. आयोडीन तर चिकटलंय, पण अँटिबॉडी लक्ष्याला चिकटत नाही. म्हणून दोन वेगळ्या तपासण्या हव्यात. एक, सुटं आयोडीन किती ते क्रोमॅटोग्राफीच्या पट्टीवर. साधारण ५ टक्क्यांच्या आत हवं. दुसरी, इम्युनोरिॲक्टिव्ह अंश, म्हणजे खूण असलेल्या पेशी भरपूर घेतल्या तर औषधाचा किती भाग खरंच चिकटतो. पहिली तपासणी उत्तम आणि दुसरी रद्दी, असं होऊ शकतं. पहिल्यावरच खूश होऊन औषध वॉर्डात पाठवणं ही गंभीर चूक आहे.

मोठ्या क्रियाशीलतेच्या बाटलीत आणखी एक शत्रू असतो तो म्हणजे औषधाचे स्वतःचेच किरण. पाण्याचे रेणू फुटून जे मूलक तयार होतात ते अँटिबॉडीवर तुटून पडतात. त्यासाठी ॲस्कॉर्बेटसारखा संरक्षक घालतात, द्रावण पातळ करतात आणि थंड ठेवतात. सकाळी ९८ टक्के शुद्ध निघालेली बाटली संध्याकाळी तशीच असेल असं गृहीत धरू नये, देण्याच्या वेळेजवळ पुन्हा पट्टी टाकावी.

धातूंच्या बाबतीत पहिला संशयित म्हणजे दुसरे धातू. लोह, जस्त, कॅल्शियम पकडीतल्या जागा बळकावतात. तुमचा अणू संख्येने इतका थोडा असतो की बफरमधला किंचित लोहाचा अंशही त्याला हरवतो. आम्लाने धुतलेली भांडी, धातुमुक्त बफर, स्टीलची सुई टाळणं, हे सगळं त्यासाठी. शिवाय डोटाला धातू धरायला उष्णता आवडते आणि अँटिबॉडीला ती सोसत नाही. ३७ अंशाला जास्त वेळ ठेवणं हा त्यातला समझोता.

यिट्रियमच्या सिरिंजला थेट शिशाचं कवच घालू नका. जड धातूत बीटा थांबताना क्ष-किरण निघतात. आधी सेंटिमीटरभर ॲक्रिलिक, गरज असेल तर त्याच्या बाहेर शिसं.

---

अणुरेणू

आता डोसिमेट्री, म्हणजे कोणत्या अवयवाला किती ग्रे मिळतात याचा हिशेब. सीडी४५वरच्या आयोडीन-१३१ अँटिबॉडीचा (अपामिस्टामॅब, जुनं नाव बीसी८) आराखडा उदाहरणाला घेतो, कारण तो सगळ्यात नीट बसवलेला आहे. प्रत्यारोपणाचा दिवस शून्य धरून मागे मोजायचं.

उणे २०च्या सुमारास तपासणीची छोटी मात्रा, काही मिलिक्युरी (किरणोत्साराच्या क्रियाशीलतेचं एकक). त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी आणि पुढे दोन-तीन दिवसांनी गॅमा कॅमेऱ्यावर पूर्ण शरीराची चित्रं. त्यावरून यकृत, प्लीहा, मज्जा, फुप्फुस, मूत्रपिंड यांत औषध किती शिरलं आणि किती वेगाने उतरलं त्याचे आलेख. उणे १२च्या आसपास उपचाराची मात्रा. उणे ४ ते उणे २ फ्लुडाराबिन हे केमोथेरपीचं औषध, रोज ३० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर. शून्याच्या दिवशी २ ग्रे टीबीआय आणि मूळपेशी.

उपचाराची मात्रा वजनावरून ठरत नाही. ती ठरते सगळ्यात जास्त ताण घेणाऱ्या निरोगी अवयवावरून, आणि तो बहुतेक वेळा यकृत असतो. या आराखड्यात यकृताची कमाल मर्यादा २४ ग्रे. समजा तपासणीत यकृताला दर मिलिक्युरीमागे ०.०४ ग्रे मिळतात असं निघालं. मग २४ भागिले ०.०४, म्हणजे ६०० मिलिक्युरी, २२.२ गीगाबेकरेल. त्याच रुग्णात मज्जेला दर मिलिक्युरीमागे ०.०२५ ग्रे असतील तर मज्जेला १५ ग्रे मिळतील. दुसऱ्या रुग्णात यकृत दुप्पट घेत असेल तर त्याला निम्मीच मात्रा. त्यामुळे दोन रुग्णांच्या मिलिक्युरींची तुलना करण्यात अर्थ नाही, ग्रेची करा.

२४ हा आकडा सोबतच्या उपचारांशी बांधलेला आहे हेही लक्षात असू द्या. पूर्वी हीच अँटिबॉडी १२ ग्रे टीबीआय आणि सायक्लोफॉस्फामाइडसोबत दिली तेव्हा यकृताला सोसलेली मर्यादा १०.५ ग्रे होती. आराखडा बदलायचा आणि मर्यादा जुनीच ठेवायची, हा थेट यकृताच्या शिरा बंद पडण्याचा रस्ता आहे.

सगळ्यात महाग पडणारी चूक वस्तुमानाची. संगणकाच्या नमुन्यातलं पुरुषाचं यकृत १.८ किलोचं असतं. प्रत्यक्षात रुग्णाचं १.४ किलो असेल आणि ते कोणी दुरुस्त केलं नाही, तर तेवढीच ऊर्जा कमी वस्तुमानात जिरते. १.८ भागिले १.४ म्हणजे जवळजवळ १.२९ पट. कागदावर २४ ग्रे, यकृतात ३१च्या घरात. म्हणून सीटीवर यकृत आणि प्लीहेचं आकारमान मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये. ल्युकेमियात प्लीहा तर नमुन्यापेक्षा दुप्पट-तिप्पटही असते, तिथे चूक उलट्या दिशेने होते.

इतर ठेचा लागण्याच्या जागा: ३६४ केइव्हीसाठी उच्च ऊर्जेचा कॉलिमेटर (कॅमेऱ्यासमोरची किरण गाळणारी जाळी) हवा, मध्यम ऊर्जेचा लावला तर किरण भिंती भेदून येतात आणि चित्र धुरकट होतं. आयोडीनचा ६३७ केइव्हीचा थोडासा गॅमाही विखुरण्याची भर घालतो, ती वजा करावी लागते. पाठीचं चित्र न काढता फक्त पुढूनच मोजलं तर जाड रुग्णात मज्जा कमी दिसते. आणि उपचाराच्या मात्रेनंतर लगेच चित्र काढू नका, इतक्या क्रियाशीलतेत कॅमेरा गुदमरतो आणि मोजणी खोटी येते.

---

शुश्रूषा

वॉर्डाच्या बाजूने भर घालते, कारण कागदावरची मात्रा रुग्णात सुरळीत जाणं इथेच ठरतं.

थायरॉइड आधी बंद करायची. पोटॅशियम आयोडाइडचं संपृक्त द्रावण किंवा लुगोल, तपासणीच्या मात्रेच्या निदान एक-दोन दिवस आधी सुरू, आणि उपचाराच्या मात्रेनंतरही काही आठवडे रोज. तपासणीची मात्रा लहान आहे म्हणून उपचाराच्या वेळेपासून सुरू करू, असा विचार चुकीचा. एक दिवस हुकला तर त्या दिवशी फिरणाऱ्या सुट्या आयोडीनला दार उघडं. तोंड आलेल्या रुग्णाला हे द्रावण झोंबतं आणि उलटी होते. ते पातळ करून द्यावं, आणि उलटी झाल्यास पुन्हा द्यायचं की नाही याचा नियम आधीच लिहून ठेवावा. पोटॅशियमची पातळी बघत राहा.

बीसी८ ही उंदराची अँटिबॉडी. म्हणून रुग्णाच्या रक्तात उंदराच्या प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी आधीपासून आहे का ते तपासतात. असेल तर औषध मज्जेत पोहोचण्याआधीच पकडलं जातं आणि प्रतिक्रिया जोरदार येते. देण्याआधी पॅरासिटामॉल, अँटिहिस्टामिन, हायड्रोकॉर्टिसोन. सुरुवात हळू. थंडी, ताप, रक्तदाब उतरणं ही नेहमीची प्रतिक्रिया. थांबवा, औषध द्या, शांत झाल्यावर कमी वेगाने पुन्हा सुरू करा.

संपल्यावर नळी सलाइनने धुवायची आणि बाटली व नळी डोस कॅलिब्रेटरवर मोजायची. मूळ आकड्यातून हा उरलेला भाग वजा केल्यावर जो येतो तो खरा दिलेला डोस. हे न केल्यास वरची सगळी डोसिमेट्री पाण्यात.

६०० मिलिक्युरी दिलेल्या रुग्णापासून १ मीटरवर तासाला सुमारे १ मिलिसिव्हर्ट मिळतात. दहा मिनिटं उभं राहिलं तर ०.१७च्या आसपास. २ मीटरवर गेलं की साधारण चौथा हिस्सा. त्यामुळे रक्त काढणं, ड्रेसिंग, सेंट्रल लाइनची देखभाल, प्लेटलेट चढवणं, जे जमेल ते मात्रेच्या आधी उरका.

रुग्ण स्वतः उठून संडासला जाऊ शकतो का, हा निवडीचाच निकष आहे. भ्रम असलेला, पडण्याचा धोका असलेला किंवा सतत दुसऱ्याच्या हाताची गरज असलेला रुग्ण विलगीकरणात सुरक्षित राहत नाही. पुरुषांनीही बसून लघवी करावी, दोनदा पाणी सोडावं. कॅथेटर लावावा लागला तर पिशवी हाच किरणांचा सगळ्यात मोठा साठा ठरतो. ती झाकून ठेवा आणि लवकर रिकामी करा. प्रयोगशाळेला जाणाऱ्या प्रत्येक नमुन्यावर किरणोत्साराची खूण हवी.

आणि हे ठळक: रुग्ण कोसळला तर आधी रुग्ण. मीटर नंतर. कोणाला किती मात्रा मिळाली याचा हिशेब अर्ध्या तासाने करता येतो.

---

निशिगंध

उणे १२लाच उपचाराची मात्रा का? आयोडीनचा अर्धायुकाल ८ दिवस, मग १२ दिवसांनी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त शिल्लक असेल. नव्या मूळपेशी त्यात भाजणार नाहीत का?

---

अणुरेणू

नुसत्या भौतिक अर्धायुकालाने मोजलं तर सुमारे ३५ टक्के उरतात, तुमचा अंदाज बरोबर. पण शरीर स्वतःही औषध बाहेर टाकत असतं. दोन्ही वेग मिळून परिणामी अर्धायुकाल निघतो: दोघांचा गुणाकार भागिले बेरीज. भौतिक ८ दिवस आणि जैविक समजा ३ दिवस, तर २४ भागिले ११, म्हणजे जवळजवळ २.२ दिवस. बारा दिवसांत अशी साडेपाच अर्धायुष्यं जातात आणि उरतात २ टक्क्यांच्या थोडे वर.

मात्र जैविक वेग रुग्णागणिक बदलतो. तपासणीच्या चित्रांत मज्जेतला उतार फार संथ दिसला तर बारा दिवस पुरणार नाहीत. म्हणून शेवटचं चित्र टाळू नये. पहिल्या दोन चित्रांवरून काढलेली शेपटी बहुतेकदा जास्त उतरती वाटते.

---

वैशाली_रेडिओफार्मसी

अल्फाकडे येते. अल्फा कण ऊतीत ५० ते ८० मायक्रोमीटर जातो, म्हणजे काही पेशींचा व्यास. पण तेवढ्यात दर मायक्रोमीटरला सुमारे १०० केइव्ही ऊर्जा सोडतो, बीटा जेमतेम ०.२. डीएनएचे दोन्ही धागे तुटतात आणि पेशीला दुरुस्ती जमत नाही. एकेकट्या विखुरलेल्या ब्लास्टसाठी हे हत्यार जास्त योग्य.

माणसांत ल्युकेमियावर हे पहिल्यांदा न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये बिस्मथ-२१३ आणि सीडी३३ची अँटिबॉडी लिंटुझुमॅब जोडून केलं. २००२ च्या अहवालात १८ रुग्णांपैकी १४ जणांत मज्जेतले ब्लास्ट घटले, पूर्ण रेमिशन मात्र कोणालाच नाही. अडचण घड्याळाची. बिस्मथ-२१३ चा अर्धायुकाल ४६ मिनिटं. जनरेटरमधून काढणं, जोडणं, गाळणं, तपासणं यात २५ मिनिटं गेली की जवळजवळ एक तृतीयांश माल संपलेला.

म्हणून ॲक्टिनियम-२२५. अर्धायुकाल जवळजवळ १० दिवस आणि साखळीत एकूण चार अल्फा: ॲक्टिनियम, फ्रान्सियम-२२१, ॲस्टॅटिन-२१७, आणि बिस्मथ-२१३ नंतरचा पोलोनियम-२१३. ताकद इतकी की पहिल्या टप्प्याच्या चाचणीत एकाच मात्रेची सोसवेल अशी मर्यादा किलोमागे ३ मायक्रोक्युरी ठरली. ७० किलोच्या माणसाला २१० मायक्रोक्युरी. वरच्या ६०० मिलिक्युरीशी ताडून बघा, जवळजवळ तीन हजार पट कमी.

दोन ठिकाणी सांभाळावं लागतं. पहिला अल्फा सुटताना मुलगी अणूला (क्षयातून उरलेल्या नव्या अणूला) जो झटका बसतो त्यात रासायनिक बंध टिकूच शकत नाही, पकड कितीही चांगली असो. अँटिबॉडी तोवर पेशीत शिरली असेल तर मुली आतच राहतात आणि फायदाच होतो. रक्तात फिरत असेल तर सुटलेला बिस्मथ मूत्रपिंडात जातो. म्हणून आराखड्यांत मूत्रपिंडाच्या रक्षणासाठी स्पायरोनोलॅक्टोन दिसतं.

दुसरी गोष्ट तपासणीची. पट्टी टाकून लगेच मोजली तर आकडा फसवा येतो, कारण आधीच सुटलेल्या मुलींचे किरणही त्यात येतात. फ्रान्सियमचा २१८ केइव्हीचा गॅमा मोजणार असाल तर निदान अर्धा तास थांबा. बिस्मथचा ४४० केइव्हीचा मोजणार असाल तर साडेचार-पाच तास. तेव्हा कुठे मोजणी मूळ ॲक्टिनियमचं प्रमाण दाखवते. घाईत "लेबलिंग फसलं" म्हणून चांगली बॅच फेकण्याचं कारण बहुधा हेच असतं.

थोरियमवर प्रोटॉनचा मारा करून काढलेल्या ॲक्टिनियमसोबत ॲक्टिनियम-२२७ चा अंश येतो, त्याचा अर्धायुकाल २१.८ वर्षं. रुग्णाला दिलेल्या मात्रेत तो नगण्य असला तरी कचऱ्याच्या नोंदी आणि परवान्यांत तो डोकं वर काढतो. थोरियम-२२९ मधून काढलेल्या मालात ही कटकट नसते.

---

रक्तपेशी

ॲक्टिनियम-लिंटुझुमॅबच्या चाचण्यांतला एक धडा प्रत्यक्ष उपयोगाचा आहे. रक्तातले ब्लास्ट दर मायक्रोलिटरला २०० पेक्षा जास्त असलेल्यांत प्रतिसाद कमी मिळाला. कारण सरळ आहे, शिरेतून सोडलेली अँटिबॉडी आधी रक्तातल्या ब्लास्टना भेटते, तिथेच संपते आणि मज्जेला उरत नाही. सीडी३३च्या जागा कमी आणि अँटिबॉडीही थोडी, म्हणून हा परिणाम इथे ठळक दिसतो. उपाय म्हणून आधी हायड्रॉक्सियुरियाने संख्या २००च्या खाली आणतात. मोजणी त्याच दिवसाची हवी. तीन दिवसांपूर्वीच्या सीबीसीवर विसंबू नये, ब्लास्ट तेवढ्यात दुप्पट झालेले असू शकतात.

---

निशिगंध

आणि निकाल? सिएरा चाचणीबद्दल उलटसुलट वाचायला मिळतं.

---

रक्तपेशी

दोन्ही बाजू खऱ्या आहेत. सिएरा ही तिसऱ्या टप्प्याची चाचणी, ५५ वर्षांवरचे, आजार सक्रिय असलेले, उलटलेल्या किंवा दाद न देणाऱ्या एएमएलचे १५३ रुग्ण. एका गटाला आयोडीन-१३१ अपामिस्टामॅब आणि प्रत्यारोपण, दुसऱ्याला नेहमीचे उपचार. सहा महिने टिकणारं पूर्ण रेमिशन पहिल्या गटात १७.१ टक्के, दुसऱ्यात शून्य. एरवी प्रत्यारोपणासाठी ज्यांना दारातूनच परत पाठवलं जातं अशा रुग्णांसाठी हा आकडा मला फार मोलाचा वाटतो.

पण एकूण आयुर्मानात दोन गटांत फरक सिद्ध झाला नाही. नेहमीच्या उपचारांना दाद न देणाऱ्यांना पहिल्या उपचाराकडे वळण्याची मुभा होती आणि दुसऱ्या गटातले निम्म्याहून जास्त वळले. माणुसकीच्या दृष्टीने ते योग्यच होतं, पण त्यामुळे आयुर्मानाची तुलना विरघळली. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २०२४ मध्ये सांगितलं की परवान्याच्या अर्जासाठी एवढं पुरेसं नाही, आयुर्मानाचा फायदा दाखवणारी आणखी एक यादृच्छिक चाचणी हवी. माझं मत असं की औषध मज्जेपर्यंत पोहोचतं आणि प्रत्यारोपणाचं दार उघडतं, एवढं दाखवून झालंय. पुढे आजार पुन्हा उलटतो त्याला काय करायचं, हे त्या चाचणीने सोडवलेलं नाही.

एएलएलबद्दल (तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया) थोडक्यात. बी-पेशींच्या एएलएलमध्ये सीडी२२वर यिट्रियम-९० लावलेली एप्रॅटुझुमॅब पहिल्या टप्प्यात तपासली गेली. एका आठवड्याच्या अंतराने दोन वेळा, प्रत्येकी ३७० मेगाबेकरेल प्रति चौरस मीटर अशी मात्रा पुढच्या टप्प्यासाठी सुचवली. काही पूर्ण प्रतिसाद मिळाले. तिथे आता ब्लिनाटुमोमॅब, इनोटुझुमॅब ही अँटिबॉडीवर आधारित औषधं आणि कार-टी पेशींचा उपचार इतके पुढे आहेत की आरआयटीची जागा प्रत्यारोपणाआधीच्या तयारीतच उरेल असं दिसतं.

---

अणुरेणू

सीडी४५वर ॲस्टॅटिन-२११ चंही काम सिॲटलला चालू झालं आहे. अर्धायुकाल ७.२ तास, एका क्षयात एकच अल्फा, मुलींची भटकंती जवळजवळ नाही, विलगीकरणाचे दिवसही वाचतात. पण सायक्लोट्रॉन जवळ हवा. सकाळी तयार केलेला माल संध्याकाळी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास उरतो.

---

निशिगंध

शेवटचा प्रश्न. उपचाराची मात्रा दिली आणि दाता ऐन वेळी आजारी पडला तर?

---

शुश्रूषा

सीडी४५च्या उपचारात तिथून मागे फिरता येत नाही. मज्जा परत उभी राहणार नाही आणि दिलेला किरणोत्सार काढून घेता येत नाही. म्हणून दोन मात्रांमधल्या आठवड्याचा उपयोग करून घ्यायचा. शक्य असेल तिथे दात्याच्या मूळपेशी उपचाराच्या मात्रेआधीच गोळा करून गोठवून ठेवाव्यात. पिशवी आपल्या शीतपेटीत आहे, सीडी३४ (मूळपेशींची खूण) असलेल्या पेशींची संख्या रुग्णाच्या वजनाला पुरेशी आहे आणि पिशवीवरची ओळख रुग्णाशी जुळते, या तीन गोष्टींवर सही झाल्याशिवाय रेडिओफार्मसीला मात्रा तयार करायला सांगू नये. ताज्याच पेशी द्यायच्या ठरल्या असतील तर दुसरा दाता तपासून तयार हवा.

---

वैशाली_रेडिओफार्मसी

ती सही आमच्या मागणीपत्रावरच असावी, वेगळ्या कागदावर नको. आयोडीनची मागणी कित्येक दिवस आधी नोंदवावी लागते. मागणी रद्द करायची शेवटची वेळ आणि पेशी गोठवल्याची खात्री या दोन्ही तारखा एकाच ओळीत दिसल्या पाहिजेत.